सेल मेंब्रेन, रिसेप्टर आणि एन्झाइम: फर्स्ट इयरचे नेहमीचे प्रश्न

मी सोलापुरात मेडिकलच्या फर्स्ट इयरला फिजिओलॉजी (शरीर कसं चालतं ते) शिकवते. दरवर्षी नवीन बॅच आली की पहिल्या दोन महिन्यांत तेच तेच मेसेज येतात, बरेचसे रात्री अकरानंतर, आणि बरेचसे अशा पोरांचे जी दहावीपर्यंत मराठी मीडियमला होती आणि आता जाडजूड इंग्रजी पुस्तकासमोर बसलीत. म्हणून ते प्रश्न इथे एकत्र केलेत. मेंब्रेन म्हणजे पेशीचं आवरण, रिसेप्टर म्हणजे आलेला निरोप पकडणारा रेणू, आणि एन्झाइम म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणारं प्रोटीन. एकच सवय लावून घ्या, कुठल्याही रिसेप्टरचं किंवा एन्झाइमचं नाव वाचलं की आधी विचारायचं, हे बसलंय कुठे? बाहेरच्या तोंडाला, आतल्या, आरपार, का मेंब्रेनवर नाहीच. जागा कळली की अर्धं पाठांतर कमी होतं, खाली जागोजागी दिसेलच.

१. मॅडम, मेंब्रेन म्हणजे भिंत समजायची का पिशवी?

दोन्ही नको. दोन पदरी चरबीचा पातळ थर समजा, जाडी साधारण ७ ते ८ नॅनोमीटर, आणि त्यात प्रोटीन रोवलेली. या चरबीतला मुख्य रेणू फॉस्फोलिपिड, त्याचं डोकं पाण्याला चिकटणारं आणि शेपट्या पाण्यापासून पळणाऱ्या, त्यामुळे पाण्यात टाकलं की शेपट्या आत आणि डोकी बाहेर अशी रचना आपोआप होते, कुणी रचावी लागत नाही. वजनाने बघितलं तर सर्वसाधारण पेशीत प्रोटीन साधारण ५५ टक्के, फॉस्फोलिपिड २५, कोलेस्टेरॉल १३, उरलेलं बाकीचे लिपिड आणि कार्बोहायड्रेट. पण हे सगळीकडे सारखं नाही, नर्व्हभोवतीच्या मायलिनला फक्त इन्सुलेशन करायचंय म्हणून तिथे प्रोटीन कमी, आणि मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या मेंब्रेनवर कामच काम म्हणून तिथे प्रोटीन पाऊण भाग.

दोन थर आहेत हे १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी आरबीसीवरून (रक्तातल्या लाल पेशींवरून) सांगितलं. आरबीसीच का? कारण पिकलेल्या आरबीसीत न्यूक्लियस नाही, मायटोकॉन्ड्रिया नाही, म्हणजे जे लिपिड निघेल ते सगळं बाहेरच्या मेंब्रेनचंच. ते पसरल्यावर पेशीच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा भरली. त्यांच्या मोजमापात दोन चुका होत्या, पण त्या एकमेकींना खाऊन गेल्या आणि उत्तर बरोबर आलं.

२. फ्लुइड मोझॅक मॉडेलमध्ये फ्लुइड काय आणि मोझॅक काय?

लिपिड वाहतं म्हणून फ्लुइड, त्यात प्रोटीनचे तुकडे जडवलेले म्हणून मोझॅक. सिंगर आणि निकोल्सन, १९७२. त्याच्या आधी १९७० साली फ्राय आणि एडिडिन यांनी माणसाची आणि उंदराची पेशी जोडून एक केली, दोघांच्या प्रोटीनला वेगवेगळा रंग दिला, आणि ३७ डिग्रीला ४० मिनिटांत दोन्ही रंग एकमेकांत मिसळून गेले. थंड ठेवल्यावर मिसळले नाहीत.

व्हायवाला (तोंडी परीक्षेत) पुढचा प्रश्न येतो की सगळीच प्रोटीन अशी तरंगतात का. नाही. काही आतल्या सांगाड्याला बांधलेली असतात, आरबीसीत अँकिरिन आणि स्पेक्ट्रिन ही प्रोटीन हे काम करतात, ती दोरी तुटली की काय होतं ते प्रश्न १७ मध्ये.

३. कोलेस्टेरॉल मेंब्रेन घट्ट करतं का पातळ? दोन पुस्तकांत दोन वेगळं लिहिलंय.

दोन्ही बरोबर आहे, तापमान बघा. गरम असताना शेपट्यांची हालचाल आवरतं म्हणजे घट्ट करतं, आणि थंडीत शेपट्यांना एकमेकींना चिकटून गोठू देत नाही म्हणजे पातळ ठेवतं. शेपट्यांचं समजत नसेल तर डिसेंबरात घरातल्या दोन बाटल्या बघा, खोबरेल तेल गोठून पांढरं होतं आणि शेंगतेल तसंच वाहतं. खोबरेलात सॅच्युरेटेड फॅटी ॲसिड जास्त, ती सरळ काड्यांसारखी, गच्च बसतात, आणि शेंगतेलात अनसॅच्युरेटेड जास्त, त्यांना डबल बाँडपाशी वाक असतो म्हणून बसत नाहीत. मेंब्रेनमध्ये तेच चालू असतं.

४. दोन्ही थर एकसारखेच ना? मग आत-बाहेर असं वेगळं का शिकवता?

एकसारखे नाहीत, आणि माझ्या मते या चॅप्टरचा जीव इथेच आहे. घरातली सोलापुरी चादर उलटी करून बघा, नक्षी तीच पण रंग अदलाबदल झालेले, जिथे या बाजूला लाल तिथे त्या बाजूला पांढरं. मेंब्रेन तसंच, बाहेरच्या थरात फॉस्फॅटिडिलकोलिन आणि स्फिंगोमायलिन जास्त, आतल्या थरात फॉस्फॅटिडिलसेरिन आणि फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमिन. साखरेच्या साखळ्या मात्र फक्त बाहेर, त्यालाच ग्लायकोकॅलिक्स म्हणतात. फरक इतकाच की चादरीचा धागा जागेवर राहतो आणि इथे लिपिड आपल्या थरात सतत सरकत असतं, पण या थरातून त्या थरात स्वतःहून सहसा उडी मारत नाही, त्यासाठी एन्झाइम लागतात. फ्लिपेज आत ढकलतं, फ्लोपेज बाहेर, दोघांनाही एटीपी (पेशीचं इंधन) लागतो, आणि स्क्रॅम्ब्लेज दोन्ही बाजूंना मिसळून टाकतं.

आता फॉस्फॅटिडिलसेरिन बाहेर आलं तर? पेशी मरायला टेकली की ते बाहेर दिसायला लागतं आणि मॅक्रोफेज (कचरा गिळणारी पेशी) तिला खाऊन टाकतो. प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणारी बारीक पेशी) जागी झाली की तेच बाहेर येतं, त्याचा निगेटिव्ह चार्ज कॅल्शियमच्या मदतीने क्लॉटिंग फॅक्टर धरून ठेवतो आणि गुठळी तिथेच बनते. लिपिड तेच, फक्त बाजू बदलली आणि अर्थ बदलला.

५. बॉम्बे ब्लड ग्रुप मेंब्रेनच्या चॅप्टरमध्ये का विचारतात?

कारण त्यात मेंब्रेन, साखर आणि एन्झाइम तिन्ही एकत्र येतात, आणि शोध आपल्याकडचा, मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली नोंदवलेला. आरबीसीच्या बाहेरच्या साखळीवर आधी एक एन्झाइम फ्युकोज नावाची साखर बसवतं, ते झालं एच अँटिजेन, म्हणजे पेशीची ओळख पटवणारी खूण. त्या एचवर ए किंवा बी चं एन्झाइम पुढची साखर बसवतं. ओ ग्रुपमध्ये पुढची साखर नाही पण एच आहे. बॉम्बे ग्रुपमध्ये फ्युकोज बसवणारं एन्झाइमच नाही म्हणजे एचच नाही, मग ए-बी चे जीन असले तरी बसणार कशावर?

घोळ इथे होतो की साध्या तपासणीत हा पेशंट ओ दिसतो. पण त्याच्या रक्तात एचविरुद्ध अँटिबॉडी असतात, ओ चं रक्त दिलं तर ते फुटतं आणि पेशंट जाऊ शकतो. म्हणून रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये (पेशंटचं सीरम माहितीतल्या ग्रुपच्या आरबीसीशी मिसळून बघण्यात) ओ सेल लावायचेच, तिथे गुठळ्या दिसल्या की थांबायचं. ही पायरी घाईत गाळू नका, कधीच.

६. चॅनल, कॅरियर आणि पंप यात कायम गोंधळ होतो.

तिन्ही मेंब्रेनमधून माल नेणारी प्रोटीन. चॅनल म्हणजे दार, उघडलं की उतारावरून आयन (चार्ज असलेले कण) धावतात, सेकंदाला कोटीच्या घरात. कॅरियर माल धरतो, आकार बदलतो, दुसऱ्या बाजूला सोडतो, त्यामुळे हळू. पंप म्हणजे एटीपी जाळून चढावर ढकलणारा कॅरियर.

सोडियम-पोटॅशियम पंप ३ सोडियम बाहेर आणि २ पोटॅशियम आत नेतो. तो एन्झाइमच आहे, नावातच एटीपीएज आहे, येन्स स्काऊ यांना तो १९५७ साली खेकड्याच्या नर्व्हमध्ये सापडला आणि १९९७ ला नोबेल मिळालं. डिगॉक्सिन हे हार्टचं औषध या पंपाला बाहेरच्या तोंडाने चिकटतं, आणि पोटॅशियम पण बाहेरूनच येऊन बसतं, म्हणून दोघांची चढाओढ. रक्तात पोटॅशियम कमी झालं की डिगॉक्सिनला रान मोकळं, टॉक्सिसिटी वाढते. हे पाठ करण्यासारखं नाहीच, जागा आठवली की उत्तर आलं.

७. ओआरएसमध्ये साखर चवीसाठी घालतात का?

नाही, आणि हा प्रश्न मला फार आवडतो. छोट्या आतड्याच्या पेशीवर, लुमेनकडच्या (आतड्याच्या पोकळीकडच्या) तोंडाला, एसजीएलटी-१ नावाचा कॅरियर असतो, तो २ सोडियम आणि १ ग्लुकोज एकत्रच आत घेतो. ग्लुकोज नसेल तर यातून सोडियम आत येत नाही, सोडियम नाही तर मागोमाग पाणी नाही. म्हणून नुसतं मिठाचं पाणी पाजून भागत नाही.

आता कॉलरा बघा. टॉक्सिनचा एक भाग पेशीच्या बाहेरच्या जीएम-१ गँग्लिओसाइडला चिकटतो, म्हणजे इथे रिसेप्टर प्रोटीन नसून लिपिड आहे, हे लक्षात ठेवा, विचारतात. दुसरा भाग आत जाऊन जी-एस प्रोटीनचं (रिसेप्टरचा निरोप आत पोचवणारं, प्रश्न १०) बंद व्हायचं बटण बिघडवतो. मग ॲडिनिलिल सायक्लेज हे एन्झाइम चालूच, ते बनवतं तो सायक्लिक एएमपी नावाचा पेशीतला मेसेंजर वाढतच, क्लोराइडचा सीएफटीआर चॅनल उघडा, आणि पाणी लुमेनमध्ये. पण या सगळ्या धुमाकुळात एसजीएलटी-१ शाबूत राहतो! ओआरएसचं सगळं यश या एका गोष्टीवर उभं आहे. टॉक्सिन असतं हे कोलकात्यात डॉ. शंभूनाथ डे यांनी १९५९ साली दाखवलं, आणि १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून हजारो लोक वाचवले, मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं.

आताच्या डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्यात लिटरला सोडियम ७५ आणि ग्लुकोज ७५ मिलिमोल, एकूण ऑस्मोलॅरिटी २४५. उन्हाळ्यात आपल्याकडे वॉर्डात आया विचारतात की पोरगं पीत नाही, वरून दोन चमचे साखर टाकू का. त्यांना प्रेमाने पण ठाम सांगा की ताई, नको, जास्तीची साखर उलट पाणी आतड्यात ओढते, जुलाब वाढतात. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्णच टाकायचं, अर्धं नाही.

८. रिसेप्टरचे प्रकार लक्षात राहत नाहीत, काही ट्रिक?

वेग धरा. चॅनलवाले मिलिसेकंदात (मसलवरचा निकोटिनिक, गाबा-ए), जी प्रोटीनवाले सेकंदात, एन्झाइमवाले मिनिटं ते तास (इन्शुलिन, हार्टमधून सुटणारं एएनपी), आणि न्यूक्लियरवाले तास ते दिवस कारण त्यांना जीन चालू करून प्रोटीन बनवायचं असतं. ग्रोथ हॉर्मोन, प्रोलॅक्टिन, एरिथ्रोपोएटिन, लेप्टिन यांच्या रिसेप्टरला स्वतःचं एन्झाइम नसतं, ते शेजारचं जॅक नावाचं कायनेज (फॉस्फेट जोडणारं एन्झाइम) वापरतात. इन्शुलिनशी गल्लत इथेच होते.

९. सगळे रिसेप्टर मेंब्रेनवरच असतात का?

नाही. स्टेरॉइड, थायरॉइड, व्हिटॅमिन डी यांचे मुख्य रिसेप्टर आत असतात. आणि नायट्रिक ऑक्साइड हा वायू सरळ मेंब्रेनमधून आत जाऊन सायटोप्लाझममधल्या ग्वानिलिल सायक्लेज नावाच्या एन्झाइमला पकडतो. एएनपीचं ग्वानिलिल सायक्लेज मेंब्रेनवर, नायट्रिक ऑक्साइडचं आत. दोन्हीकडून बनणारा मेसेंजर सायक्लिक जीएमपीच.

१०. जी-एस, जी-आय, जी-क्यू कुठला कुठे?

हे जी प्रोटीनचे तीन प्रकार, प्रत्येकापुढे त्याचे रिसेप्टर दिलेत (अल्फा-बीटा ॲड्रेनालिनचे, एम ॲसिटिलकोलिनचे, एच हिस्टामिनचे, व्ही व्हॅसोप्रेसिनचे). जी-एस सायक्लिक एएमपी वाढवतो: बीटा-१, बीटा-२, ग्लुकॅगॉन, टीएसएच, एलएच, एफएसएच, व्ही-२. जी-आय कमी करतो: अल्फा-२, एम-२. जी-क्यू फॉस्फोलायपेज सी ला उठवतो, ते आतल्या थरातलं एक लिपिड तोडून आयपी-३ आणि डॅग बनवतं, आयपी-३ पाण्यात विरघळून कॅल्शियम सोडवायला जातं आणि डॅग मेंब्रेनमध्येच बसून पीकेसी नावाच्या कायनेजला बोलावतं: अल्फा-१, एम-१, एम-३, एच-१, व्ही-१, ऑक्सिटोसिन. ही यादी मात्र पाठच करावी लागते, इलाज नाही.

११. एकच ॲड्रेनालिन कुठे नळी आवळतं आणि कुठे सैल करतं, असं कसं?

कारण निर्णय ॲड्रेनालिनचा नसतो, रिसेप्टरचा असतो. कातडीच्या रक्तवाहिन्यांवर अल्फा-१ जास्त, कॅल्शियम वाढतं, आवळतात. ब्रॉंकसवर (श्वासनळीवर) बीटा-२, सैल होतो.

यापुढचा अवघड भाग म्हणजे बीटा-१ आणि बीटा-२ दोन्ही सायक्लिक एएमपीच वाढवतात, तरी हार्ट जोरात आकुंचन पावतं आणि ब्रॉंकस ढिला पडतो. मेसेंजर तोच पण आतली यंत्रणा वेगळी. हार्टमध्ये सायक्लिक एएमपीने जागं होणारं पीकेए हे कायनेज कॅल्शियम चॅनल उघडायला मदत करतं, ब्रॉंकसच्या स्मूथ मसलमध्ये तेच आकुंचनासाठी लागणारं मायोसिन लाइट चेन कायनेज मंद करतं. मग इथे नुसती रिसेप्टरची जागा पुरत नाही, पेशी कुठली तेही विचारा.

आणि अपवाद म्हणजे घामाच्या ग्रंथी. सिम्पथेटिक नर्व्ह (धोक्याच्या वेळी जागी होणारी) सहसा नॉरॲड्रेनालिन सोडते, पण इथे सोडते ॲसिटिलकोलिन, आणि रिसेप्टर मस्कॅरिनिक (ॲसिटिलकोलिनच्या दोन प्रकारांपैकी एक, दुसरा निकोटिनिक). याचा उपयोग प्रश्न १३ मध्ये.

१२. विंचू चावल्यावर प्राझोसिन का देतात? ते तर बीपीचं औषध आहे.

लाल विंचवाचं विष नर्व्हचे सोडियम चॅनल लवकर मिटू देत नाही, मग नर्व्ह पेटलेलीच राहते आणि ट्रान्समीटरचा (नर्व्ह सोडते त्या रसायनांचा) पूर येतो. आधी घाम, लाळ, उलट्या, मग हातपाय गार, बीपी वर, आणि पुढे लंगमध्ये पाणी. हातपाय गार पडणं म्हणजे अल्फा-१ ची आवळणी. प्राझोसिन नेमकं अल्फा-१ ला अडवतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे १९८० च्या दशकात कोकणातल्या पेशंटवर सिद्ध करून दाखवलं, आधी दगावणारे पेशंट घरी जायला लागले, २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. बीटा ब्लॉकर का नाही असं विचारलं तर सांगा की बीटा बंद केला तर अल्फाला आवळायला पूर्ण मोकळीक मिळेल.

१३. फवारणीच्या विषात ॲट्रोपिन भरपूर दिलं तरी पेशंटला अशक्तपणा का राहतो?

हे नीट समजून घ्या, आपल्या जिल्ह्यात लागणारच आहे. द्राक्ष-डाळिंबाच्या बागा असलेल्या भागातून, पंढरपूर, मोहोळ, बार्शीकडून असे पेशंट येतात. फवारणीतलं ऑर्गॅनोफॉस्फेट हे विष ॲसिटिलकोलिन तोडणाऱ्या ॲसिटिलकोलिनइस्टरेज या एन्झाइमला बंद पाडतं, ॲसिटिलकोलिन साठतं, आणि ते दोन्ही प्रकारच्या रिसेप्टरवर आदळतं. मस्कॅरिनिकमुळे तोंडाला फेस, घाम, बारीक टाचणीएवढ्या बाहुल्या, छातीत घरघर. निकोटिनिकमुळे मसल फडफडणं आणि मग लुळेपणा. ॲट्रोपिन फक्त मस्कॅरिनिकला अडवतं. छाती मोकळी होईल, काख कोरडी होईल, पल्स ८० च्या वर जाईल, पण मसलवरचा निकोटिनिक रिसेप्टर त्याला ओळखतच नाही.

मला इंटर्नशिपमधला एक पेशंट आजही डोळ्यांसमोर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी छाती स्वच्छ, बाहुल्या मोठ्या, बायको म्हणाली आता बरे दिसतात. आमच्या सीनियरनी त्याला फक्त एवढंच सांगितलं, "दादा, उशीवरून डोकं उचला बघू." कपाळावर आठ्या आल्या, मानेची शीर ताणली, पण डोकं उशीवरून बोटभरही उठेना. तासाभरात तो व्हेंटिलेटरवर होता, आणि म्हणूनच वाचला. याला इंटरमीडिएट सिंड्रोम म्हणतात, साधारण २४ ते ९६ तासांत येतो. तेव्हापासून मी प्रत्येक बॅचला सांगते, ॲट्रोपिन लागू पडलं तरी मान तपासा.

प्रॅलिडॉक्सिम एन्झाइमवरून विष सोडवायला देतात, पण वेळ गेला तर विष आणि एन्झाइमचं बंधन पक्कं होतं, त्याला एजिंग म्हणतात, मग ते सुटत नाही. आणि मे महिन्यात एक धोका जास्तीचा, ॲट्रोपिनने घाम बंद होतो (प्रश्न ११ मधला अपवाद), ४४ डिग्रीच्या दिवसात अंग भट्टीसारखं तापतं, त्यामुळे टेम्परेचर चार्ट रिकामा ठेवू नका. नातेवाइकांना बाटली आणायला सांगा, कारण प्रत्येक फवारणीचं औषध ऑर्गॅनोफॉस्फेट नसतं.

१४. एन्झाइम आणि रिसेप्टर एकच असू शकतं का?

हो. इन्शुलिन रिसेप्टरचे दोन अल्फा बाहेर, दोन बीटा आरपार, आणि बीटाच्या आतल्या टोकाला टायरोसिन कायनेज, म्हणजे बाहेरून रिसेप्टर आणि आतून एन्झाइम. उलटं उदाहरण एसीई-२, ते मुळात अँजिओटेन्सिन-२ (बीपी वाढवणारं हॉर्मोन) तोडणारं एन्झाइम, तोंड बाहेर असल्यामुळे कोरोना व्हायरसने त्याचाच दरवाजा केला.

१५. केएम म्हणजे नेमकं काय, फक्त डेफिनिशन पाठ आहे.

एन्झाइमचा निम्मा कमाल वेग गाठायला लागणारं सबस्ट्रेटचं (एन्झाइम ज्यावर काम करतं त्या पदार्थाचं) प्रमाण. केएम कमी म्हणजे थोड्यावर भागतं. ग्लुकोजवर काम करणारी दोन एन्झाइम बघा. हेक्सोकायनेजचा केएम फार कमी, उपाशीपोटीसुद्धा मेंदूत ते जोरात चालतं. लिव्हरच्या ग्लुकोकायनेजचा केएम जास्त, म्हणून जेवणानंतर पोर्टल व्हेनमधून साखरेचा लोंढा आला की मगच ते खरं कामाला लागतं. कॉम्पिटिटिव्ह इनहिबिटर (सबस्ट्रेटच्याच जागेसाठी भांडणारा) केएम वाढवतो, व्हीमॅक्स म्हणजे कमाल वेग तसाच, कारण सबस्ट्रेट ओतलं की तो हरतो. नॉनकॉम्पिटिटिव्हमध्ये व्हीमॅक्स पडतो.

१६. कावीळमध्ये कधी एएलटी वाढतं कधी एएलपी, का?

परत जागा. दोन्ही रक्तात मोजली जाणारी एन्झाइम. एएलटी सायटोप्लाझममध्ये, लिव्हरची पेशी दुखावली की मेंब्रेनमधून बाहेर गळतं, म्हणून हिपॅटायटिसमध्ये वाढतं. एएलपी पित्ताच्या बाजूच्या मेंब्रेनला चिकटलेलं, पित्त अडलं की ते जास्त बनतं आणि सुटून रक्तात येतं. अपवाद: वाढीच्या वयातल्या पोरांत हाडामुळे आणि गरोदरपणात प्लासेंटामुळे एएलपी तसंही जास्त असतं, तिथे लिव्हरला दोष देऊ नका.

१७. स्फेरोसायटोसिस आणि पीएनएच, दोन्हीत आरबीसी फुटतात, मग फरक काय?

ऑस्मॉटिक फ्रॅजिलिटीचं प्रॅक्टिकल आठवा, मिठाच्या पाण्याच्या ओळीने लावलेल्या टेस्टट्यूब, पुढे पुढे मीठ कमी. नॉर्मल रक्त ०.५ टक्क्याच्या आसपास फुटायला लागतं, त्या ट्यूबमध्ये तळाला लाल गोळा आणि वर हलकी गुलाबी झाक दिसते, आणि ०.३५ च्या खाली सगळं पारदर्शक लाल, मागे धरलेलं छापील अक्षर वाचता येतं. स्फेरोसायटोसिसमध्ये आतली अँकिरिन-स्पेक्ट्रिनची दोरी (प्रश्न २) कच्ची, मेंब्रेनचे तुकडे पडत जातात, चपटी पेशी गोल होते, तिला फुगायला जागाच उरत नाही, म्हणून ती ०.५ च्या आधीच्याच ट्यूबमध्ये फुटते.

पीएनएचमध्ये (पॅरॉक्सिस्मल नॉक्टर्नल हिमोग्लोबिन्युरिया) सांगाडा धड आहे, फ्रॅजिलिटी नॉर्मल येते. तिथे बिघाड बाहेरच्या तोंडाला. काही प्रोटीन आरपार नसतात, जीपीआय नावाच्या लिपिडच्या खुंटीला बाहेरून टांगलेली असतात, आणि पीआयजीए जीन बिघडला की ती खुंटीच बनत नाही. त्यावर टांगलेले सीडी-५५ आणि सीडी-५९ आपल्याच कॉम्प्लिमेंटपासून (रक्तातली जंतू मारणारी प्रोटीन) पेशीला वाचवत असतात, ते गेले की कॉम्प्लिमेंट आरबीसीला भोकं पाडतं. हा आजार जन्मजात नसून पुढे बोन मॅरोतल्या एका स्टेम सेलमध्ये होतो, आणि जीन एक्स क्रोमोसोमवर असल्याने एकच म्युटेशन पुरतं. निदान फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे एकेक पेशीवर कुठली प्रोटीन आहेत ते तपासून. आरबीसीवरचं ॲसिटिलकोलिनइस्टरेजसुद्धा याच खुंटीला टांगलेलं असतं, त्यामुळे पीएनएचच्या बिघडलेल्या पेशीवर ते कमी सापडतं, फवारणीचा काही संबंध नसताना.